एका दिवसाची सफारी: कोणते गेट, कोणती वेळ आणि गाईडला काय सांगू नये

आपण लिहिता की आपण नागपूरला राहता, रविवारखेरीज सुटी मिळत नाही, सोबत अडुसष्ट वर्षांची आई आणि नऊ वर्षांची मुलगी आहे, आईचे गुडघे दुखतात, आणि रात्री घरी परत येता येईल अशी एक सफारी फेब्रुवारी-मार्चमध्ये करण्याचा विचार आहे. ताडोबा, पेंच की कऱ्हांडला, सकाळची फेरी घ्यावी की दुपारची, आणि वाघ दिसण्याची खात्री कुठे जास्त, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी उमरेड-भिवापूर पट्ट्यातील एका गावचा रहिवासी असून कऱ्हांडल्याचे अभयारण्य पर्यटनाला खुले झाल्यापासून गाईडचे काम करतो. त्याआधी लहानपणी वडिलांबरोबर याच भागात तेंदूपत्ता तोडायला जात असे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरळ देता येतात. तिसऱ्याचे उत्तर लांबेल, कारण आपला सगळा दिवस कसा जाईल हे त्याच प्रश्नावर ठरते.

आधी ठिकाण. नागपूरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी चार जंगले आहेत. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य साधारण साठ किलोमीटरवर आहे, पेंचचे सिल्लारी गेट जबलपूर रस्त्याने सत्तरच्या आसपास, आणि सेलू-हिंगणीमार्गे बोर व्याघ्र प्रकल्पही तेवढ्याच अंतरावर आहे. ताडोब्याचे कोलारा गेट उमरेड, भिसी, चिमूर या रस्त्याने शंभर किलोमीटरच्या पुढे जाते, आणि मोहर्ली त्याहूनही लांब, चंद्रपूरच्या बाजूला आहे. ताडोब्याची कीर्ती खरी आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले ते जंगल, तो तलाव आणि ज्याच्यावरून ताडोबा हे नाव पडले असे मानतात त्या तारू या आदिवासी देवाचे ते देवस्थान आयुष्यात एकदा तरी पाहावे असेच आहे. तरीही गुडघे दुखणाऱ्या आईला आणि लहान मुलीला घेऊन, एकाच दिवसात, जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या पुढे मोटारीत आणि वर चार तास उघड्या जिप्सीत बसवणे मला योग्य वाटत नाही. ताडोब्यासाठी पुढे कधीतरी दोन दिवस काढावेत आणि एक रात्र गावातल्या घरगुती मुक्कामात राहावे. ताडोब्याचे गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला, कडक संरक्षणाचा भाग, मंगळवारी बंद असते, तेवढे त्या वेळी लक्षात ठेवावे.

या खेपेस सिल्लारी किंवा कऱ्हांडला यांपैकी एक निवडावे. सिल्लारीकडे डोंगर-उतार आहेत, सागाचे जंगल आहे आणि तोतलाडोह धरणाचे पाणी आहे. आमच्याकडे, म्हणजे कऱ्हांडल्याला, जंगल सपाट आणि विरळ आहे, मध्ये गवताळ माळ आहेत आणि गोसीखुर्द धरणाचे पाणी पवनीच्या बाजूने आत आलेले आहे. आमचे अभयारण्य २०१२ साली जाहीर झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १८९ चौरस किलोमीटर एवढेच आहे. एका मोठ्या नर वाघाला एवढीही जागा कधी कधी पुरत नाही. २०१३ मध्ये जय नावाचा वाघ नागझिऱ्याकडून शेते, नाले, गावांच्या वेशी ओलांडत इथे आला आणि तीन वर्षे राहिला. त्याला पाहण्यासाठी सगळ्या महाराष्ट्रातून लोक आले. २०१६ च्या उन्हाळ्यात तो दिसेनासा झाला आणि पुन्हा कधी सापडला नाही. नकाशावर आखलेली सीमा वाघाला ठाऊक नसते, हे आम्हा गावकऱ्यांना त्याच्यामुळे चांगले समजले. बोरचे गाभा क्षेत्र १३८ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. ते शांत जंगल आहे, तिथे गर्दी कमी असते, आणि वर्धेकडून येणाऱ्यांना ते अधिक सोयीचे पडते.

आता वेळ. जंगलात सकाळची आणि दुपारची अशा दोन फेऱ्या असतात, आणि त्यांच्या वेळा ऋतूनुसार पुढे-मागे होतात. अनुभवी माणसे सकाळची फेरी निवडतात, त्याला कारण आहे. रात्रीच्या हालचालींच्या खुणा तेव्हा ताज्या असतात, रस्त्यावरची माती अजून कोणी मोडलेली नसते आणि हवा स्थिर असल्याने आवाज लांबून ऐकू येतात. पण पहाटेच्या गेटवर वेळेत पोहोचायचे, तर नागपूरहून आपल्याला साडेतीन-चारला निघावे लागेल. अर्धवट झोपेत अंधारातून गाडी चालवणारा माणूस हा त्या दिवसातला सर्वांत मोठा धोका असतो. वाघाचा क्रमांक त्याच्या फार मागे लागतो. शिवाय फेब्रुवारीच्या पहाटे उघड्या जिप्सीत वारा इतका झोंबतो की सांधे दुखणाऱ्या माणसाचा पहिला तास कुडकुडण्यातच जातो. म्हणून आपण दुपारची फेरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी नऊला आरामात निघावे, अकरा-साडेअकरापर्यंत गेटजवळच्या गावात पोहोचावे, तिथे जेवावे, आईने तासभर आडवे व्हावे आणि ताज्या अंगाने आत जावे. हाच सल्ला मी एप्रिल-मे महिन्यासाठी देणार नाही. तेव्हा आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारच्या जिप्सीत वृद्धांना किंवा मुलांना बसवणे धोक्याचे असते. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्रे बंदच असतात.

आपण निवडलेला काळ मला सर्वांत आवडतो. सागाची पाने गळून जंगल उघडे होते, पळस फुललेला असतो, मोह टपकायला सुरुवात होते आणि त्या फुलांसाठी अस्वले पहाटे-संध्याकाळी बाहेर पडतात. पाणी आटून थोड्याच पाणवठ्यांवर उरल्याने प्राणी तिथे जमू लागतात.

आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे आणि ज्यांची नावे घातली आहेत त्यांची मूळ ओळखपत्रे सोबत न्यावीत. नाव आणि ओळखपत्र जुळले नाही, तर गेटवर कोणाचीही ओळख कामाला येत नाही, आणि येऊही नये. रविवार लवकर भरतो, म्हणून आठवडाभर आधी जागा शोधून हाती काही लागत नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, चालक आणि गाईड वेगळे. आपण तिघेच असाल, तर शक्य झाल्यास ओळखीचेच दुसरे कुटुंब सोबत घ्यावे, कारण अनोळखी माणसांची अपेक्षा वेगळी असली की चार तास कठीण जातात.

जिप्सीत आईला चालकाच्या लगेच मागच्या ओळीत, कडेच्या जागेवर बसवावे. मागची ओळ चाकावर येते आणि खड्ड्यातला प्रत्येक धक्का सरळ कंबरेत बसतो. पाठीखाली घ्यायला एक घडी घातलेली गोधडी आणावी, तीच संध्याकाळी परतताना अंगावर घेता येते. जिप्सीचा पाया उंच असतो. चढताना चालकाला गाडी दगडाला किंवा ओट्याला लावायला सांगावे, तो आनंदाने लावतो, फक्त त्याला कोणीतरी सांगावे लागते. ज्यांच्या मणक्याचे दुखणे आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी मात्र जिप्सीत बसूच नये. आत कुठेही उतरता येत नाही, म्हणून लघवीला गेटवरच जाऊन यावे आणि त्याच कारणाने दुपारच्या जेवणात झणझणीत रस्सा टाळावा. पाटवडीचा रस्सा गावात उत्तम मिळतो आणि भिवापूरच्या मिरचीचा तिखटपणा प्रसिद्ध आहे, पण तो बेत परतताना करावा. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे, डोक्याला दुपट्टा, पाण्याची बाटली, अत्तर नको. एवढे पुरे. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही आणि इतरत्रही तो बंद करून पिशवीत ठेवणे चांगले. वाघ दिसल्याचा निरोप एका मोबाइलवरून गेला की पंधरा मिनिटांत त्या वळणावर दहा गाड्या उभ्या राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता खात्रीचा प्रश्न. महाराष्ट्रातील वाघांची अंदाजित संख्या २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ होती. ती बहुतांशी विदर्भात आहे. त्यामुळे वाघ दिसण्याची शक्यता माझ्या तरुणपणापेक्षा आज खूप जास्त आहे, आणि त्यामुळेच ‘खात्री’ हा शब्द लोकांच्या तोंडी आला आहे. कोणी आपल्याला खात्री देत असेल, तर तो एक तर जंगल ओळखत नाही किंवा आपल्याशी प्रामाणिक नाही. मी एवढेच सांगू शकतो की जंगल कसे वाचले जाते, आणि ते वाचू देण्यासाठी आपण काय करावे.

गाईड पहिली नजर रस्त्याच्या धुळीवर टाकतो. वाघाचे तळवे मऊ असतात, काट्याकुट्यातून चालण्यापेक्षा त्याला मऊ मातीची वाट बरी वाटते, म्हणून तो गाडीरस्त्याने मैलभर चालत जातो. नराचा माग चौकोनी आणि रुंद असतो, मादीचा थोडा लांबट आणि बोटे निमुळती. पण माग कोणाचा यापेक्षा तो कधीचा हे महत्त्वाचे असते. सकाळच्या गाड्यांच्या चाकांच्या नक्षीवर जर पाऊल उमटले असेल, तर वाघ सकाळच्या फेरीनंतर इथून गेला आहे. पाऊल चाकाखाली मोडले असेल, तर ते जुने आहे. कडा धारदार असतील तर ताजे, वाऱ्याने कडा ढासळल्या असतील किंवा त्यावर मुंगी-किड्याची रेघ गेली असेल तर बराच वेळ झाला. आपल्या मुलीला हे एकदा दाखवले की ती पुढचा सगळा वेळ धुळीकडे पाहत बसेल आणि आम्हाला न दिसलेला माग तीच दाखवील. मुलांच्या बाबतीत हे माझ्यासमोर अनेकदा घडले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कॉल, म्हणजे इतर प्राण्यांनी दिलेला इशारा. इथे गाईडचा खरा कस लागतो. चितळ बारीक, तीक्ष्ण आवाजात ओरडते, पण ते लवकर घाबरते. रानकुत्री, बिबट्या, कधी गावचे कुत्रेसुद्धा त्याला पुरते. वानर झाडावर उंच बसलेले असल्याने त्याला दूरचे दिसते, आणि त्याने खोकल्यासारखा आवाज दिला तर ते कोणत्या दिशेला तोंड करून बसले आहे हे पाहावे, वाघ किंवा बिबट्या त्याच्या नजरेच्या रेषेत असतो. भेकर कुत्र्यासारखे भुंकते आणि पुष्कळदा नुसत्या संशयावरही भुंकते. सांबराचे मात्र तसे नाही. सांबर सहसा उगीच ओरडत नाही. त्याने पाय आपटून खोल, घुमणारा ‘ढांक’ असा आवाज काढला आणि तो पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर जवळपास काहीतरी मोठे चालत आहे असे मी मानतो. या सगळ्यांत एक अट आहे. इंजिन बंद असल्याशिवाय यातले काहीही ऐकू येत नाही.

म्हणूनच माझी पहिली विनंती ही की आपण गाईडला थांबायला वेळ द्यावा. कॉल आला, गाडी उभी राहिली, इंजिन बंद झाले आणि दहा मिनिटे काहीच घडले नाही, की बहुतेक पर्यटक अस्वस्थ होतात. “इथे काही नाही, पुढे चला,” असे कोणीतरी म्हणतेच. खरे तर कॉल पुन्हा पुन्हा येऊ लागला म्हणजे बहुधा वाघ चालत असतो, आणि चालणारा वाघ रस्ता ओलांडण्याची शक्यता असते. कुठे ओलांडेल याचा अंदाज बांधून तिथे आधी जाऊन उभे राहणे आणि मग वाट पाहणे, हेच या कामातले कौशल्य आहे. पाणवठ्यावर अर्धा तास बसलेल्या गाडीला जे दिसते, ते अर्ध्या तासात सगळे रस्ते पालथे घालणाऱ्या गाडीला दिसत नाही. वाघ आला नाही तरी वानरांनी पाडलेली कोवळी पाने खायला खाली जमलेली चितळे दिसतात, ऐनाच्या झाडाची सुसरीच्या पाठीसारखी साल जवळून पाहता येते, पांढऱ्या खोडाचे कुल्लूचे झाड दिसते, तुरेवाला सर्पगरुड पाण्याकाठी येऊन बसतो.

दुसरी विनंती अधिक गंभीर आहे. वाघ दाखवल्यास इतके रुपये देऊ, असे चालकाला किंवा गाईडला कधीही सांगू नये. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीत एका गटाने गेटवरच मोठी रक्कम कबूल केली. चालक तरुण होता, घरी बहिणीचे लग्न होते. त्याने सगळी फेरी गाडी पळवली, मी दोनदा सांगूनही ऐकले नाही, आणि एका वळणावर आम्ही रानकुत्र्यांच्या कळपात जवळजवळ शिरलो. त्यांनी नुकतेच चितळ धरले होते. शिकार टाकून ती पळाली. त्या दिवशी मी त्याला आणखी ठामपणे थांबवायला हवे होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन गाड्यांत ५० मीटर अंतर ठेवायचे असते. हे अंतर मोडते तेव्हा बहुधा गाडीतून कोणीतरी “अजून थोडे पुढे घ्या” असे म्हटलेले असते.

३१ डिसेंबर २०२४ रोजी आमच्याच अभयारण्यात गोठणगावच्या फेरीत एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंनी आलेल्या जिप्सींमध्ये अडकले. छायाचित्रे पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, आणि संबंधित चालक व गाईड यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. ती योग्यच होती, नियम आमच्या हाती सोपवलेला आहे आणि तो आम्हीच पाळला पाहिजे. मात्र त्या गाड्यांत पर्यटकही बसलेले होते. वाघीण बछड्यांना साधारण दोन वर्षे सांभाळते, तिचे शिकारीचे बहुतेक प्रयत्न फसतात, आणि रस्ता ओलांडता न आल्याने वाया गेलेली एक संध्याकाळ पाच पोरांच्या आईला महाग पडते. वाट अडलेली दिसली, तर “गाडी मागे घ्या” असे आपण म्हणावे. पर्यटकाने ते म्हटले की चालकाला धीर येतो, कारण पुढच्या गाडीतले चांगला फोटो घेत आहेत आणि आपले पर्यटक नाराज होतील, ही भीती त्याच्या मनातून जाते. गाईडला बक्षीस द्यायचेच असेल, तर फेरी संपल्यावर, त्याने जे शिकवले त्याबद्दल द्यावे.

आईविषयी एक सुचवतो. आपण लिहिले आहे की त्यांचे माहेर भंडाऱ्याकडील खेड्यात होते. अशा बायकांना जंगल आमच्याइतकेच, काही बाबतींत आमच्याहून जास्त समजते. मागच्या मार्चमध्ये माझ्या गाडीत पवनीकडच्या एक आजी होत्या. वाघ दिसला नाही, पण त्यांनी नातवाला मोह कोणता, चारोळी कोणती, बिड्यांसाठी टेंभुर्णीची पाने कशी तोडतात आणि सत्तर पानांचा पुडा कसा बांधतात हे सांगत सगळी फेरी नेली, आणि मी त्यांच्याकडून एका कंदाचे नाव शिकलो. आपल्या आईंना आधीच सांगून ठेवावे की झाड ओळखीचे दिसले की हळू आवाजात सांगा, गाडी थांबवता येते. मुलीसाठी एक छोटी वही आणि पेन्सिल आणावी. दुर्बीण असेल तर ती तिच्या गळ्यात घालावी, मोठ्यांच्या नव्हे.

फेरी संपून आपण बाहेर याल तेव्हा अंधार पडत आला असेल. चहा घ्यावा, आईला थोडे चालू द्यावे आणि घाई न करता निघावे. सिल्लारीहून महामार्गाला लागल्यावर रस्ता उंच उचललेला दिसेल. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या त्या टप्प्यात प्राण्यांना खालून जाण्यासाठी ५० ते ७५० मीटर लांबीच्या नऊ मोकळ्या जागा ठेवल्या आहेत आणि त्यांतून वाघ गेल्याचे कॅमेऱ्यांत दिसले आहे. पण उमरेडच्या रस्त्यावर आणि गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या गावरस्त्यांवर तशी सोय नाही. त्या वेळी हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या शेतांकडे रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरे निघालेली असतात. वेग चाळीसच्या आत ठेवावा. दिव्यात डोळे चमकलेले दिसले तर प्रकाश खाली करावा, हॉर्न वाजवू नये आणि गाडी उभी करावी. एक रोही रस्ता ओलांडून गेली तरी लगेच निघू नये, मागे बहुधा अजून दोन-तीन उभ्या असतात.